प्लग न लावता चालणारी हायब्रिड गाडी: ओळखावी, पारखावी आणि चालवावी कशी

"स्वतःच चार्ज होणारी गाडी" हा शब्दप्रयोग ऐकला की पहिला प्रश्न पडायला हवा तो असा: मग ती वीज येते कुठून? प्लग लावायचा नाही, चार्जर शोधायचा नाही, आणि तरीही गाडी काही अंतर इंजिन बंद ठेवून चालते, म्हटल्यावर काहीतरी फुकट मिळत असल्याचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या गाडीत बाहेरून येणारी ऊर्जा एकच, आणि ती म्हणजे टाकीत भरलेले पेट्रोल. बॅटरीतली वीज एकतर इंजिनाने जनरेटर फिरवून तयार केलेली असते किंवा ब्रेक लावताना चाकांकडून परत घेतलेली असते, आणि चाकांना तो वेगही मुळात पेट्रोलनेच दिलेला असतो. २०२० मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने टोयोटाला "स्वतः चार्ज होणारी हायब्रिड" अशी जाहिरात करण्यास मनाई केली, तीही वीज फुकट मिळते असा ग्राहकांचा समज होतो म्हणूनच.

हा खुलासा आधी करण्याचे कारण असे की पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. या गाडीचे सारे कसब वाया जाणारे पेट्रोल वाचवण्यात आहे. त्यामुळे हायब्रिड चांगली की वाईट, याची चर्चा करण्याआधी आपल्या रोजच्या चालवण्यात पेट्रोल नेमके कुठे वाया जाते, हे पाहिलेले बरे. ज्याचे मुळात फारसे वाया जात नाही, त्याचे वाचणारही फारसे नाही.

आधी प्रकार ओळखावा

"हायब्रिड" हे नाव इतक्या वेगवेगळ्या गाड्यांना लावले जाते की नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. सर्वांत खालच्या पायरीवर माइल्ड हायब्रिड असते. तिच्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक स्टार्टर-जनरेटर आणि १२ किंवा ४८ व्होल्टची छोटी बॅटरी असते. सिग्नलवर बंद पडलेले इंजिन झटकन सुरू करणे आणि वेग घेताना इंजिनाला किंचित हातभार लावणे, एवढेच तिचे काम. दुसऱ्या टोकाला प्लग-इन हायब्रिड असते, जिची मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागते आणि जिच्या अंगावर चार्जिंगचे वेगळे झाकण दिसते. या दोहोंच्या मधली, जिला फुल किंवा स्ट्राँग हायब्रिड म्हणतात, ती आपल्या विषयाची गाडी.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी निव्वळ मोटरच्या जोरावर रस्त्यावर चालते का? उत्तर "मोटर इंजिनाला मदत करते" असे फिरवून आले, तर गाडी बहुधा माइल्ड आहे असे समजावे. माइल्ड हायब्रिड वाईट असते असे नाही, पण तिच्यातून होणारी बचत बेताची असते आणि फुल हायब्रिडच्या अपेक्षेने ती घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

बॅटरी केवढी, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा

अनेक वर्षे गाजलेल्या टोयोटा प्रियसच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत साधारण १.३ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १.३ युनिट, वीज मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे संपूर्ण बॅटरीत मावणारी ऊर्जा जेमतेम दीडशे मिलिलिटर, एका मोठ्या कपात मावेल एवढ्या पेट्रोलइतकी. त्यातही आयुष्य वाढावे म्हणून गाडीचा संगणक ही बॅटरी पूर्ण भरूही देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधला पट्टाच तो वापरतो. प्रत्यक्ष हाताशी राहते ती अर्धा युनिट वीज, आणि तेवढ्यावर सावकाश चालवून दोन-तीन किलोमीटर अंतर जाते.

हे आकडे पाहून कोणी नाक मुरडेल. पण ही बॅटरी साठवणीची कोठी म्हणून दिलेलीच नसते. दुकानदाराच्या गल्ल्यातल्या सुट्या पैशांसारखी ती दिवसभर फिरती असते: थोडे आत, थोडे बाहेर, दर सिग्नलला आणि दर वळणाला. तिच्या या ये-जा करण्यामुळे तीन ठिकाणी पेट्रोल वाचते.

पहिले ठिकाण उघड आहे. गाडी उभी असताना किंवा रखडत पुढे सरकताना इंजिन बंद राहते, आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्यामुळे थंडावाही जात नाही.

दुसरे ठिकाण ब्रेक. गाडीचे वजन १,४०० किलो आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर तिच्या गतीत सुमारे १३५ किलोज्यूल ऊर्जा असते. साध्या गाडीत ब्रेक लावताच ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडच्या घर्षणात तापून निघून जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलट्या भूमिकेत जाऊन जनरेटर बनते आणि या ऊर्जेचा मोठा हिस्सा बॅटरीत परत जातो. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. मात्र छोटी बॅटरी एका वेळी किती वीज घेऊ शकते याला मर्यादा असते, आणि ती अशा गाड्यांत सर्वसाधारणपणे पंचवीस किलोवॉटच्या आसपास धरता येते. तीच गाडी दहा सेकंदांत थांबवली तर सरासरी साडेतेरा किलोवॉट शक्ती निघते, जी बॅटरी सहज सामावून घेते. तीन सेकंदांत करकचून थांबवली तर ४५ किलोवॉट निघते आणि जवळपास निम्मी ऊर्जा पुन्हा साध्या ब्रेकच्या उष्णतेत जाते. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर दोन चालकांचे मायलेज वेगळे येण्यामागे बरेचदा हेच कारण असते.

तिसरे ठिकाण सर्वांत कमी बोलले जाते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पेट्रोल इंजिन हलक्या कामाला अत्यंत उधळे असते. मध्यम भार आणि बेताचे फेरे असताना ते इंधनाचा जेवढा उपयोग करून घेते, त्याच्या निम्माही उपयोग शहरातल्या रेंगाळत्या चालीत करून घेत नाही. हायब्रिडमध्ये हलके काम मोटर उचलते आणि इंजिन चालतेच मुळी फायद्याच्या पट्ट्यात. गरजेपेक्षा जास्त शक्ती निघाली तर ती बॅटरीत जाते. शिवाय मोटर सोबतीला असल्यामुळे इंजिनाची रचनाही काटकसरीची ठेवता येते. ब्रिटिश अभियंता जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या चक्राच्या धर्तीवर अशा इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्यामुळे वायूचे प्रसरण त्याच्या संपीडनापेक्षा जास्त होते. असे इंजिन जोराला कमी आणि काटकसरीला सरस असते. कमी पडणारा जोर मोटर भरून काढते. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे इंधनातल्या ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ४० टक्क्यांपर्यंत नेल्याचे टोयोटाने जाहीर केले होते.

आतली जोडणी समजून घ्यावी, म्हणजे आवाजाचे कोडे सुटते

इंजिन आणि मोटर एकत्र बांधण्याची कल्पना नवी नाही; फर्डिनांड पोर्श यांनी १९०० च्या सुमारास अशी गाडी बांधली होती. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली हायब्रिड मात्र डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेली प्रियसच. आज बाजारात दिसणाऱ्या जोडण्या मुख्यतः चार तऱ्हांच्या आहेत.

टोयोटाच्या जोडणीत प्लॅनेटरी गिअरचा एक संच असतो. मधल्या सूर्य-गिअरला छोटा जनरेटर, त्याभोवती फिरणाऱ्या ग्रह-गिअरांच्या वाहकाला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याला चाके व मोठी मोटर जोडलेली असते. सुरुवातीच्या प्रियसमध्ये सूर्य-गिअरला ३० आणि कड्याला ७८ दाते होते. या दात्यांच्या प्रमाणात इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), विभागला जातो: ७२ टक्के थेट चाकांकडे, २८ टक्के जनरेटरकडे. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला १,००० फेरे फिरले तर जनरेटर ३,६०० फेरे फिरतो. यात क्लच नाही आणि गिअर बदलणेही नाही. जनरेटरचा वेग कमी-जास्त करूनच इंजिनाचे फेरे ठरवले जातात. त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज एकदम वर चढतो आणि गाडीचा वेग मात्र मागाहून हळूहळू वाढतो. नव्या मालकाला हा दोष वाटतो, पण जोडणीचा स्वभावच तसा आहे.

निसानच्या ई-पॉवर गाड्यांत इंजिन चाकांना कधीच जोडले जात नाही. ते फक्त वीज तयार करते आणि चाके पूर्णपणे मोटर फिरवते. होंडाच्या दोन-मोटर पद्धतीतही शहरात बहुतांश वेळ असेच चालते, पण महामार्गाच्या वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो, कारण स्थिर वेगात विजेचा फेरा घालून शक्ती पाठवण्यापेक्षा सरळ पाठवणे स्वस्त पडते. ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक हायब्रिड गाड्यांत इंजिन आणि नेहमीचा गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक मोटर बसवलेली असते. त्यामुळे त्या चालवायला साध्या ऑटोमॅटिक गाडीच्या सर्वांत जवळच्या वाटतात.

आपल्याला परवडेल का, हे लिटरमध्ये मोजावे

हिशेब रुपयांत किंवा डॉलरांत मांडण्याआधी लिटरमध्ये मांडावा, कारण मायलेजचा आकडा फसवा असतो. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याची गाडी लिटरला १० ऐवजी १४ किलोमीटर देऊ लागली, तर वर्षाला सुमारे ४२९ लिटर वाचतात. हीच चार किलोमीटरची वाढ २० वरून २४ अशी झाली, तर वाचतात फक्त १२५ लिटर. म्हणून आपली सध्याची गाडी वर्षाला किती लिटर पिते, ते आधी काढावे, पाहत असलेली हायब्रिड किती पिईल याचा जाहिरातीतला नव्हे तर प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून मिळालेला आकडा त्यातून वजा करावा, आणि मग त्याला आपल्या गावच्या पेट्रोलच्या दराने गुणावे. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक या उत्तराने भागला की किती वर्षांत पैसे सुटतील ते कळते.

थांबत-चालत जाणाऱ्या शहरी रहदारीत हायब्रिडचा फायदा सर्वाधिक असतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकमधून परत मिळण्यासारखे काही उरत नाही आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. तिथे फरक बराच आटतो. आणखी एक वापर असा आहे ज्यात ही गाडी हमखास निराश करते: रोज दोन-अडीच किलोमीटर जाऊन बंद करायची. थंड इंजिन आणि धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम व्हावा म्हणून, बॅटरी भरलेली असली तरी, इंजिन सुरुवातीची काही मिनिटे चालतेच. ते गरम होईतो प्रवास संपतो. असा वापर असेल आणि घरी चार्जिंगची सोय होण्यासारखी असेल, तर सरळ विजेवरची गाडी पाहावी. तिथे प्लग न लावण्याची सोय आपल्याला महागात पडते.

चाचणी फेरी अशी घ्यावी

गाडी थंड असताना पाहायला मिळावी, असे आधीच सांगून ठेवावे. आपण पोहोचण्यापूर्वी ती गरम करून ठेवलेली असेल, तर इंजिन कधी आणि कसे सुरू होते ही महत्त्वाची गोष्ट दिसतच नाही. बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर "रेडी" असे अक्षर किंवा दिवा उमटतो. इंजिनाचा आवाज नसला तरी गाडी निघायला तयार असल्याची हीच खूण असते.

पहिली दहा मिनिटे सावकाश चालवावी आणि ऊर्जेचा प्रवाह दाखवणारा पडदा सुरू ठेवावा. बाण इंजिनाकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे, बॅटरीकडून मोटरकडे कसे फिरतात, हे पाच-सहा सिग्नल पाहिले की जोडणी आपोआप उलगडते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून दोनदा थांबावे: एकदा लांबून हलका पाय ठेवून आणि एकदा जरा जोरात. अगदी कमी वेगाला मोटरचा ब्रेक संपून साधा ब्रेक काम हाती घेतो, त्या सांध्यावर काही गाड्यांत पावलाखाली बारीकसा बदल जाणवतो. तो आपल्याला खटकतो का, ते स्वतःच ठरवायचे असते. मग एखादा चढ घ्यावा आणि इंजिनाचा आवाज कुटुंबाला सोसेल का ते पाहावे. शेवटी मागच्या आसनावर बसून पाहावे, डिकी उघडावी आणि जादा चाक आहे की त्याच्या जागी पंक्चरचे साहित्य दिले आहे तेही विचारावे, कारण बॅटरीची जागा कुठून तरी काढलेली असतेच.

चालवताना बदलण्याच्या सवयी

मुख्य सवय म्हणजे लांब पाहणे. पुढे सिग्नल लाल दिसला की पाय लवकर उचलावा आणि ब्रेक हलका पण लांबवर लावावा. वेग घेताना मात्र फार भित्रेपणा करू नये. मध्यम जोराने हव्या त्या वेगाला पोहोचून मग पाय सैल करणे हे, इंजिन दोन मिनिटे कुंथत ठेवण्यापेक्षा, स्वस्त पडते.

"ईव्ही" लिहिलेले बटण अनेकांना फार आवडते, आणि माझा त्याच्यावरच जास्त राग आहे. जबरदस्तीने बॅटरीवर चालवून ती खाली आणली की इंजिनाला नंतर ती पुन्हा भरावी लागते, आणि पेट्रोलची वीज, विजेचे रसायन, रसायनाची पुन्हा वीज अशा प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. रात्री उशिरा आवाज न करता गाडी आत घ्यायची असेल तर ते बटण ठीक. एरवी निर्णय संगणकावर सोडावा.

रहदारीत थांबल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी सवय इथे मोडावी लागते. टोयोटाच्या पद्धतीत न्यूट्रलमध्ये असताना बॅटरी चार्ज होत नाही, आणि लांब रांगेत ती हळूहळू उतरत जाते. ड्राइव्हमध्ये ब्रेकवर पाय ठेवावा किंवा पार्कमध्ये टाकावी.

घाट उतरताना बॅटरी फार लवकर भरते. १,४०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली की त्यात १.१ युनिटहून अधिक ऊर्जा मोकळी होते, आणि बॅटरीत जागा असते अर्ध्या युनिटची, तीही रिकामी असली तर. बॅटरी भरल्यावर गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसतेच फिरवून वेग आवरते आणि आवाज वाढतो. बिघाड झाला असे समजून घाबरू नये. मोठ्या उतारावर गिअरच्या दांड्याची "बी" स्थिती, म्हणजे इंजिनाच्या अडवणुकीने वेग आवरणारी स्थिती, वापरावी, म्हणजे ब्रेकवर ताण येत नाही. सपाट रस्त्यावर तिचा उपयोग नाही, उलट थोडे नुकसानच होते.

निगा राखताना दोन्ही बॅटऱ्या लक्षात ठेवाव्यात

मोठ्या बॅटरीची सगळ्यांना धास्ती असते, पण माणूस रस्त्यात अडकतो तो बहुधा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. गाडीचे संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडणे हे काम तीच करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही "रेडी" दिवा लागत नाही. माझी गाडी एकदा तीन आठवडे उभी राहिली आणि नंतर दारही किल्लीच्या पात्याने उघडावे लागले. एका कार्यशाळेतून आलेल्या माणसाने दिवे मिणमिणताना पाहून "मोठी बॅटरी गेली, बदलावी लागेल" असे तिथेच सांगून टाकले. आधी छोटीवर मीटर लावा, असा आग्रह धरला तेव्हा काटा नऊ व्होल्टच्या आसपास अडखळला. छोटी बॅटरी बदलली, आणि मोठी आजही तीच आहे. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तिला "रेडी" स्थितीत अर्धा-पाऊण तास ठेवावे, तेही उघड्या, हवेशीर जागेत, कारण इंजिन मधेच सुरू होते. नुसता रेडिओ लावून बसण्यासाठी अर्धवट चालू स्थिती वापरू नये.

मोठ्या बॅटरीला हवा लागते. अनेक गाड्यांत मागच्या आसनाच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. तिच्यातून केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड केली जाते. त्या जाळीवर पिशवी, चादर किंवा बॅग टेकवू नये, आणि पाळीव प्राणी गाडीत बसत असेल तर तिथला फिल्टर वरचेवर साफ करून घ्यावा. ब्रेक पॅड कमी वापरामुळे खूप टिकतात, पण त्याच कारणाने डिस्कवर गंज धरतो आणि पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकू लागतो. म्हणून पॅड जाड आहेत एवढ्यावर समाधान न मानता सर्व्हिसिंगला ते सुटे करून पाहायला सांगावे. बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरला थंड ठेवण्यासाठी बऱ्याचदा स्वतंत्र कूलंट असतो, त्याची पातळीही तपासावी.

नारिंगी रंगाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर ती सपाट ट्रकवर चढवावी किंवा मोटरने चालणारी चाके उचललेली असावीत, कारण कायमचुंबक असलेली मोटर चाकांबरोबर फिरली की बंद गाडीतही वीज तयार करते. आणि पेट्रोल संपेपर्यंत ताणू नये. इंजिन थांबल्यावर बॅटरीवर रेटत नेलेली गाडी मोठी बॅटरी धोकादायकरीत्या रिकामी करून घेते.

वापरलेली गाडी घेताना

मोठ्या बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षांच्या आसपास देतात. ती दुसऱ्या मालकाकडे जाते का, हे कागदावर पाहावे. पडद्यावरच्या बॅटरीच्या कांड्या भरलेल्या दिसण्याला फार अर्थ नाही. निदानयंत्र जोडून प्रत्येक गटाचा व्होल्टेज पाहणे हीच खरी तपासणी. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रियसच्या मोठ्या बॅटरीत २८ मॉड्यूल, म्हणजे एकत्र जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या, असत आणि ते जोडीजोडीने १४ गटांत मोजले जात. गाडी जोरात पळवताना किंवा ब्रेक लावताना एखादाच गट इतरांपेक्षा ठळकपणे खाली-वर होत असेल, तर तो थकला आहे असे समजावे. कमी फिरलेली पण वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी इथे नेहमीच चांगली निघते असे नाही, म्हणून किलोमीटरच्या आकड्याइतकेच सर्व्हिसिंगच्या तारखांकडेही लक्ष द्यावे. आणि व्यवहार ठरण्याआधी मागच्या आसनाजवळची ती जाळी काढून फिल्टर हातात घ्यावा. आधीच्या मालकाने गाडीची निगा किती राखली, हे त्यावरच्या धुळीवरून लगेच कळते.